पत्त्याच्या वहीतील चूक



नंदुरबारात मिरचीचा हंगाम भरात आला की आमच्या घरातील घड्याळ बाजार समितीच्या लिलावावर चालू लागते. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली असते, वारा फिरला की पेढीत बसलेल्यालाही ठसका लागतो, आणि मुनीमजींची मान चोपडीतून वर येत नाही. अशाच धामधुमीत गेल्या जानेवारीची २० तारीख उजाडली. वस्तू व सेवा कराचे मासिक विवरणपत्र, ज्याला आपण सारे ‘थ्री-बी’ म्हणतो, ते दाखल करण्याचा हा अखेरचा दिवस. आकडे तयार होते, चलन भरलेले होते. केवळ संगणकावरून विवरणपत्र दाखल करून मोबाईलवर येणारा ओटीपी टाकणे एवढेच काम उरले होते. सूर्यास्तापूर्वी भोजने आटोपून थोरले बंधू संगणकासमोर बसले आणि पडद्यावर अक्षरे उमटली, ‘या संकेतस्थळापर्यंत पोहोचता येत नाही.’

त्या दिवशी दुपारीच आम्ही इंटरनेटची जोडणी बदलली होती. जुन्या जोडणीला कंटाळून दुसऱ्या पुरवठादाराची तार घरात घेतली होती. जो तरुण ती बसवून गेला, त्याने दोन-तीन मोबाईलवर सर्व काही उघडून दाखविले, सही घेतली आणि तो पुढच्या घरी गेला. संगणक त्या वेळी बंद होता. साहजिकच सायंकाळी संशयाची सुई थेट त्या तरुणाकडे वळली. बंधूंनी त्याला फोन केला. तो म्हणाला, “शेठ, लाईन चालू आहे, मोबाईलवर पाहा ना.” मोबाईलवर खरोखरच सारे चालत होते. पण संगणकाच्या कोपऱ्यातील चिन्हावर ‘इंटरनेट नाही’ असे स्पष्ट लिहून येत होते, मग यंत्राचे खरे मानायचे की त्या मुलाचे? बंधूंचा स्वर चढला. त्यांनी त्याच्या मालकालाही फोन लावला आणि ‘असली माणसे कशाला ठेवता?’ असेही ते बोलून गेले. मी शेजारीच होतो आणि मीही त्यांना थांबविले नाही.

विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये आणि उशिरा भरलेल्या करावर सालीना १८ टक्के व्याज. आमचा कर भरलेला होता, तेव्हा नुकसान किरकोळच झाले असते. परंतु करप्रणाली सुरू झाल्यापासून पेढीचे एकही विवरणपत्र उशिरा गेलेले नाही, हा बंधूंचा अभिमानाचा विषय आहे, आणि अभिमानाला रकमेचा हिशेब कळत नाही.

या प्रसंगाचा उलगडा आमच्या पुतसूनबाईंनी केला. तो सांगण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी दिली पाहिजे. कारण ‘नेट गेले’ या दोन शब्दांत आपण निरनिराळे चार आजार कोंबतो आणि मग एकाच औषधाने ते बरे व्हावेत अशी अपेक्षा करतो.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. जुन्या पद्धतीत, जी आजही सर्वत्र चालते, हा पत्ता बिंदूंनी जोडलेल्या चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधील असतो. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. ते अपुरे पडू लागले म्हणून सहाव्या आवृत्तीचे पुष्कळ लांब पत्ते आले. यंत्रे एकमेकांशी बोलतात ती या आकड्यांनीच. माणसाला मात्र आकडे ध्यानात राहत नाहीत, त्याला नाव हवे असते. आपल्याच जिल्ह्यात याच्या नेमकी उलट घटना घडली आहे. शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्या माणसांना गाव नावाने ओळखत होते, त्यांना त्या दिवशी १२ अंकी क्रमांक मिळाला. संगणकांचा प्रवास उलटा झाला. त्यांना क्रमांक आधी होते, नावे नंतर मिळाली.

आरंभी ही नावे एका साध्या यादीत होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ही यादी एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवलेली असे. नवे यंत्र जोडले गेले की तेथे कळवायचे, यादीत नोंद व्हायची आणि इतरांनी ती यादी वेळोवेळी उतरवून घ्यायची. पेढीत एकच पत्त्यांची वही असावी आणि प्रत्येक अडत्याने तिची नक्कल आपल्याकडे ठेवावी, तसाच हा प्रकार. यंत्रे शेकड्यांत होती तोवर हे निभावले. पुढे नकला जुन्या पडू लागल्या, नावे एकमेकांवर आदळू लागली. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी वेगळी रचना मांडली. सर्व नोंदी एकाच वहीत न ठेवता त्या वाटून द्याव्यात आणि कोणती वही कोणाकडे आहे एवढेच वरच्याने सांगावे, असे तिचे सूत्र होते. या रचनेला डोमेन नेम सिस्टिम किंवा थोडक्यात डीएनएस म्हणतात. आज ४० वर्षांहून अधिक काळ लोटला तरी सारे जग तिच्यावरच चालते.

ती चालते कशी, हे आपल्या टपालाच्या पत्त्यावरून समजेल. आपण पत्ता लिहिताना घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा, राज्य असे लहानाकडून मोठ्याकडे जातो. परंतु पत्रे वेगळी करणारा कर्मचारी आधी शेवटची ओळ पाहतो. संकेतस्थळाचे नावही तसेच शेवटाकडून वाचायचे असते. ‘सर्व्हिसेस डॉट जीएसटी डॉट जीओव्ही डॉट इन’ हे कराच्या संकेतस्थळाचे नाव घ्या. आपला संगणक हे नाव पुरवठादाराच्या एका शोधक यंत्राकडे सोपवितो. ते यंत्र प्रथम मूळ सर्व्हरला विचारते. मूळ सर्व्हर नावाने १३ आहेत आणि त्यांच्या प्रती जगभर शेकडो ठिकाणी, मुंबईतही, ठेवलेल्या आहेत. मूळ सर्व्हर म्हणतो, ‘मला या संकेतस्थळाचा पत्ता ठाऊक नाही, पण “डॉट इन”चे दफ्तर अमुक ठिकाणी आहे.’ भारताच्या ‘डॉट इन’ नावांची व्यवस्था २००५ पासून नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, पाहते. तेथून सरकारी नावांच्या दफ्तराकडे बोट दाखविले जाते, तेथून कराच्या दफ्तराकडे, आणि अखेरीस आकडी पत्ता हाती येतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. शोधक यंत्र हे उत्तर काही काळ स्मरणात ठेवते, म्हणजे पुन्हा कोणी विचारले तर तेवढी पायपीट नको. किती काळ ठेवायचे हे उत्तराबरोबरच सांगितलेले असते. कधी काही मिनिटे, कधी पूर्ण दिवस. आपला संगणकही अशीच एक छोटी टाचण-वही बाळगतो.

ही साखळी तुटली की काय होते, हे आपण सर्वांनी एकदा एकाच रात्री अनुभवले आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप, फेसबुक व इन्स्टाग्राम एकदम मुके झाले आणि जवळजवळ सहा तास तसेच राहिले. मिरचीचे, कापसाचे, सोन्याचे भाव ज्या गटांत फिरतात ते गट शांत झाले. त्या कंपनीची यंत्रे नष्ट झाली नव्हती. देखभालीच्या कामातील एका चुकीमुळे तिच्या केंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले, आणि तिच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरांपर्यंत जाणाऱ्या वाटा इंटरनेटच्या नकाशावरून पुसल्या गेल्या. नाव सर्वांना पाठ होते, पण पत्ता सांगणाराच कोणाला सापडत नव्हता. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांची अंतर्गत साधनेही त्यामुळे बंद पडली होती, असे तिनेच नंतर सांगितले. २०२५ च्या दिवाळीत, २० ऑक्टोबरला, ॲमेझॉनच्या क्लाऊड सेवेतील अशाच एका नोंदीच्या घोळामुळे जगभरातील असंख्य सेवा काही तास अडखळल्या. थोरामोठ्यांच्या वह्यांतही चूक होते, हे लक्षात असले म्हणजे स्वतःच्या घरातील बिघाडाची फार लाज वाटत नाही.

आता पुन्हा आमच्या पेढीत येऊ.

पुतसूनबाई स्वयंपाकघरातील आवराआवर करून बाहेर आल्या, तेव्हा बंधू राऊटर बंद-चालू करण्याच्या चौथ्या फेरीत होते. त्यांनी विचारले, “बाबूजी, मोबाईलवर चालते ना? मग लाईन गेली कशी म्हणता येईल?” बंधूंनी संगणकावरील ‘इंटरनेट नाही’ या अक्षरांकडे बोट दाखविले. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. विंडोज ही प्रणाली इंटरनेट आहे की नाही हे ठरविण्यासाठी आपल्या ठरलेल्या एका संकेतस्थळाचे नाव शोधून तेथे जाऊन पाहते. नावच सापडले नाही तर तार धडधाकट असूनही ती ‘इंटरनेट नाही’ असा निर्वाळा देते. म्हणजे ज्या साक्षीदाराच्या भरवशावर आम्ही त्या तरुणाला दोषी ठरविले, तो साक्षीदार स्वतःच त्याच रोगाने आजारी होता.

सूनबाईंनी पहिली परीक्षा अगदी साधी केली. आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडला. आता नव्या पुरवठादाराचा, त्याच्या तारेचा, त्याच्या राऊटरचा काहीच संबंध उरला नव्हता. तरीही संकेतस्थळ उघडेना. त्याच मोबाईलवर मात्र ते उघडत होते. दोन वेगळ्या वाटांनी जाऊनही एकच यंत्र अडत असेल आणि त्याच वाटांनी दुसरी यंत्रे सुखाने जात असतील, तर दोष त्या यंत्रात शोधला पाहिजे. विवरणपत्राच्या घाईत आम्ही दोघे जाणते पुरुष एवढा विचार करू शकलो नव्हतो, हे येथे लिहून ठेवतो.

दुसरी परीक्षा नाव व आकडा वेगळे करण्याची. संगणक पुन्हा घरच्या वाय-फायला जोडून त्यांनी काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडली. ती उघडण्यासाठी विंडोजची कळ दाबून ‘सीएमडी’ ही तीन अक्षरे इंग्रजीत टाइप करावीत. तेथे त्यांनी ‘पिंग’ हा शब्द, थोडी जागा आणि ८.८.८.८ असा आकडी पत्ता लिहिला. (आकडे इंग्रजीच हवेत, मराठी कळफलक चालू असेल तर यंत्राला कळत नाही. हा अनुभव माझा.) हा पत्ता गुगलने २००९ पासून सर्वांना खुल्या ठेवलेल्या शोधक यंत्राचा आहे. चारही वेळा उत्तर आले. म्हणजे रस्ता मोकळा होता, गाडी जात-येत होती. मग त्यांनी ‘पिंग’पुढे आकड्याऐवजी एका प्रसिद्ध संकेतस्थळाचे नाव लिहिले. उत्तर आले, ‘हे नाव सापडत नाही.’ आकड्याने पोहोचता येते, नावाने येत नाही, एवढ्यावर आजाराचे नाव निश्चित झाले. आकड्यानेही उत्तर आले नसते तर मात्र तार, राऊटर किंवा पुरवठादार यांच्याकडे पाहावे लागले असते. काही ठिकाणी पिंगला मुद्दाम उत्तर दिले जात नाही, म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये, १.१.१.१ हा क्लाऊडफ्लेअरचा २०१८ पासूनचा पत्ताही करून पाहावा.

तिसरी परीक्षा मला सर्वांत आवडली. ‘एनएसलुकअप’ नावाची एक आज्ञा आहे. तिच्यापुढे संकेतस्थळाचे नाव लिहिले की संगणक कोणाला पत्ता विचारतो आणि काय उत्तर मिळते, हे दोन्ही दिसते. सूनबाईंनी ती दिली. पहिल्याच ओळीत शोधक यंत्राचा एक आकडी पत्ता आला आणि खाली ‘मुदतीत उत्तर नाही’ असे. मग त्यांनी तीच आज्ञा पुन्हा दिली, पण नावानंतर जागा सोडून ८.८.८.८ हेही लिहिले. म्हणजे ‘नेहमीच्याला विचारू नकोस, याला विचार’ असे सांगितले. क्षणात कराच्या संकेतस्थळाचा आकडी पत्ता पडद्यावर आला.

“काकाजी, हा वरचा आकडा ओळखीचा वाटतो का?” त्यांनी मला विचारले. मी मानेने नाही म्हटले. मुनीमजी मात्र चष्मा सावरीत उठले आणि कपाटातील जुन्या फायलीतून पहिल्या जोडणीची पावती घेऊन आले. पावतीच्या मागे कोणीतरी पेन्सिलीने तोच आकडा लिहून ठेवला होता.

झाले होते ते असे. जुनी जोडणी घेतली त्या वेळी कोणा दुरुस्तीवाल्याने संगणकात त्या पुरवठादाराच्या शोधक यंत्राचा पत्ता हाताने भरून ठेवला होता आणि सहाव्या आवृत्तीची खूणही काढून टाकली होती. जोवर आम्ही त्या पुरवठादाराचे ग्राहक होतो, तोवर ते यंत्र निमूटपणे उत्तरे देत होते. दुपारी आम्ही त्याचे घर सोडले आणि त्याने आम्हाला ओळख देणे बंद केले. यात त्याची काही चूक नाही. असे यंत्र केवळ आपल्या ग्राहकांनाच उत्तर देते, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मोबाईलना मात्र कोणी काही हाताने भरलेले नव्हते. जेथे जोडले जातील तेथील राऊटरकडूनच ते शोधक यंत्राचा पत्ता मागून घेतात, म्हणून ते नव्या घरात लगेच रुळले. संगणक तेवढा जुन्याच वहीला चिकटून बसला होता, आणि हॉटस्पॉटवर नेले तरी तीच वही बरोबर घेऊन गेला होता.

दुरुस्तीला दोन मिनिटे लागली. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ लिहिले की जोडण्यांची यादी येते. त्यातील वाय-फायवर उजवी टिचकी, मग ‘प्रॉपर्टीज’, मग ‘इंटरनेट प्रोटोकॉल’ची चौथी आवृत्ती आणि पुन्हा ‘प्रॉपर्टीज’. तेथे खालच्या भागात हाताने भरलेले पत्ते दिसतात. त्याऐवजी ‘डीएनएस सर्व्हरचा पत्ता आपोआप मिळवा’ हा पर्याय निवडायचा. सहाव्या आवृत्तीची खूण पुन्हा केली. अखेरीस काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’, जागा, तिरकी रेघ आणि तिला लागूनच ‘फ्लशडीएनएस’ लिहून संगणकाची टाचण-वही कोरी केली. तिच्यात उत्तरांप्रमाणे काही काळ नकारही जपलेले असतात, म्हणून ही शेवटची पायरी गाळू नये. आठ वाजून काही मिनिटांनी विवरणपत्र दाखल झाले.

हाच बिघाड सर्वत्र असतो असे नाही. कधी पुरवठादाराचे शोधक यंत्रच बंद किंवा मंद असते. तेव्हा घरातील सर्व यंत्रे एकदम अडतात, आकड्याने पोहोचता येते पण नावाने येत नाही. अशा वेळी तात्पुरते वर सांगितलेले खुले पत्ते भरता येतात. मी स्वतः ते कायमचे भरून ठेवण्याच्या मताचा नाही. काय बदलले, केव्हा व कोणी बदलले हे लिहून ठेवले नाही, तर तीन वर्षांनी आपल्यासारखीच संध्याकाळ उगवते. कधी विषाणूरोधक किंवा व्हीपीएनचा प्रोग्रॅम मध्ये बसून नावे अडवितो. तो क्षणभर बंद करून पाहिले की कळते. अँड्रॉइड मोबाईलमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची एक निवड असते, ती मुलांनी कधी जाहिराती टाळण्यासाठी बदललेली असते. आणि जुन्या संगणकाचे घड्याळ आतील सेल संपल्यामुळे मागे गेले असेल तर बँकेची पाने उघडत नाहीत. पण तेथे संदेश तारखेचा किंवा प्रमाणपत्राचा येतो, नाव न सापडल्याचा नव्हे. संदेश पूर्ण वाचण्याची सवय आपल्याला नाही. आपण ‘नेट गेले’ एवढेच वाचतो.

एक कारण मात्र आपल्या व्यापारी घरांत वारंवार आढळते आणि त्याबद्दल उघडपणे बोलले जात नाही. वर सांगितलेल्या जुन्या यादीचा वंशज आजही प्रत्येक संगणकात ‘होस्ट्स’ नावाच्या एका छोट्या फाईलच्या रूपाने जिवंत आहे. संगणक दुसऱ्या कोणाला पत्ता विचारण्यापूर्वी तिच्यात पाहतो. तेथे नोंद असेल तर तीच प्रमाण. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत बसविणारे या फाईलमध्ये ओळी भरून ठेवतात, म्हणजे सॉफ्टवेअरला आपल्या कंपनीकडे परवान्याची विचारणा करता येत नाही. मग कधी त्या ओळींमुळे नको ती संकेतस्थळेही बंद होतात. आणि जो अनोळखी माणूस या फाईलमध्ये एक ओळ लिहू शकतो, तो बँकेच्या नावापुढे दुसरा पत्ताही लिहू शकतो. लाखोंची उलाढाल ज्या यंत्रावर होते, त्यात काही हजार रुपये वाचविण्यासाठी चोरटी प्रत ठेवणे हा कोणत्याही चोपडीत न बसणारा हिशेब आहे.

असे कोणी करते का, या शंकेचे उत्तर मोठे आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एक टोळी उघडकीस आणली. एस्टोनिया देशातील सहा जणांना अटक झाली. त्यांच्या ‘डीएनएस चेंजर’ नावाच्या विषाणूने १०० हून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांतील शोधक यंत्राचा पत्ता गुपचूप बदलला होता. लोक नाव बरोबर लिहीत, पण पत्ता टोळीच्या यंत्राला विचारला जाई, आणि ते त्यांना भलतीकडे नेई. यातून त्यांनी जाहिरातींपोटी सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर मिळविले. टोळी पकडल्यावर तिची यंत्रे एकदम बंद केली असती तर लक्षावधी निरपराध लोकांचे ‘नेट गेले’ असते. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्या जागी चांगली यंत्रे ठेवून ती ९ जुलै २०१२ पर्यंत चालविण्यात आली. काही प्रकार राऊटरमधील पत्ताही बदलीत. म्हणून राऊटरचा खोक्यावर छापलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. आम्ही तो त्या रात्री बदलला.

नावे शेवटाकडून वाचण्याची सवय लागली की तिचा आणखी एक उपयोग होतो, आणि आपल्या घरांत तो विशेष आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर हलविण्यास सांगितले. हा शेवट केवळ बँकांनाच मिळतो आणि त्याची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच करते. आपल्या बँकेच्या नावापुढे बिंदू, मग ‘बँक’, मग बिंदू, मग ‘इन’, आणि त्यानंतर थेट तिरकी रेघ किंवा काहीच नाही, असे असले पाहिजे. ‘अमुकबँक डॉट इन’ म्हणजे मध्ये बिंदूच नाही. ते नाव कोणीही घेऊ शकतो. ‘अमुक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी डॉट कॉम’ यात सारे शुभ शब्द आहेत, पण शेवट कॉमचा आहे. म्हणजे पत्र नंदुरबारचे नाव लिहून भलत्याच राज्यात चालले आहे. ज्येष्ठांना मी आता एवढेच सांगतो की नाव डावीकडून नव्हे, पहिल्या तिरक्या रेघेपासून मागे वाचत या.

२०१४ पासून ‘डॉट भारत’ हा शेवट देवनागरीतही मिळतो, म्हणजे दुकानाचे नाव मराठीत नोंदविता येते. आपल्या बाजारपेठेत त्याचा वापर मला अद्याप आढळलेला नाही. कोणी वाचकाने असे नाव घेतले असेल तर जरूर कळवावे, पुढील अंकात त्याविषयी लिहिता येईल.

विवरणपत्राची पोचपावती छापून झाल्यावर बंधू बराच वेळ गप्प बसले होते. मग त्यांनी आधी त्या मालकाला फोन केला आणि आपण मुलाविषयी बोललो ते चुकीचे होते, दोष आमच्याच संगणकात निघाला, असे स्वच्छ सांगितले. नंतर त्या तरुणाला फोन करून क्षमा मागितली. तो अवघडून गेला, ‘असू द्या शेठ, असू द्या’ म्हणत राहिला. मग जरा थांबून म्हणाला, “शेठ, तो आकडा कुठे पाहायचा ते एकदा सांगता का? शहादा रोडला एका दुकानात आठ दिवसांपासून असंच सुरू आहे. ते लोक रोज मला फोन करतात.”

बंधूंनी फोन सूनबाईंच्या हाती दिला. त्यांनी वहीचे एक कोरे पान उघडले, पेन्सिल घेतली आणि म्हणाल्या, “दादा, लिहून घ्या. आधी विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबायचं.”